पाण्याचं वय विचारणारा

कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला की तो आधी उजेडात धरायचा आणि विचारायचा, "हे केव्हाचं?" सकाळीच भरलंय म्हटलं की कीव आल्यासारखा बघायचा. "भरलं केव्हा नाही, पडलं केव्हा!" असा एक नमुना तुमच्याही ऑफिसात असेलच. माझ्या नशिबी तो सिंगापूरमध्ये आला, विद्यापीठाच्या तळघरातल्या लॅबमध्ये, शेजारच्याच टेबलावर.

आम्ही दोघेही पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरचे कंत्राटी संशोधक, आणि दोघेही मराठी. बाहेर धो धो पाऊस, आणि हे महाशय आत बसून वाळवंटातल्या विहिरींच्या पाण्याचं वय काढणार! अणुचाचण्यांनंतर पावसात ट्रिटियम नावाचं द्रव्य वाढलं. विहिरीत ते सापडलं तर पाणी अलीकडच्या पावसाचं, म्हणजे खाली भर पडतेय. नाही सापडलं तर पाणी पुराणं. उपसलं की संपलं. त्याने तिथून भरून आणलेल्या बाटल्यांत ट्रिटियम सापडलं. त्या भरवशावर तिकडे नव्या बोअर पाडायचं ठरलं, आणि इकडे त्याचं कंत्राट, म्हणजे ओघाने सिंगापुरात राहायचा पासही, वाढणार असं सगळे धरून चालले.

मग काय विचारता! बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये समोरचे नूडल्स गार होईपर्यंत स्वारीचं भाषण चाले.

खोट एकच होती. तुलनेसाठी ठेवलेल्या, ट्रिटियम मुळीच नसलेल्या पाण्यातही ते निघालं. खापर कुणावर? माझ्यावर! "तुझं ते हँडक्रीम," म्हणाला, आणि प्रोफेसरांकडे चक्क लेखी तक्रार. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. हँडक्रीममधून ट्रिटियम येत नाही हे शेंबडं पोरही सांगेल.

आमच्या लॅबमधले दिवे कुणी हललं नाही तर आपोआप विझायचे. एका दुपारी दोघेही आकडेमोडीत गढलो होतो, आणि अंधार झाला. बघते तर त्याच्या मनगटावर हिरवे आकडे चमकतायत. सेरंगूनच्या बाजारातून हौसेने आणलेलं जुनं घड्याळ. असल्या घड्याळांचे आकडे चमकवायला कशाचा रंग लावतात, हे आम्हाला पहिल्याच वर्षी शिकवतात. ट्रिटियमचा. आणि तो झिरपून जवळच्या पाण्यात उतरतो.

"वाळवंटातही हेच घातलं होतंस?" मी विचारलं.

"हो."

"धन्य आहेस बाबा!" मी पोटभर हसले. तो हसला नाही. घड्याळ काढून बाहेर ठेवून आला आणि प्रोफेसरांच्या खोलीत गेला. पासचे तीन आठवडे उरले होते.

"आधी पास वाढू दे, मग सावकाश बघू," प्रोफेसर म्हणाले. बिचाऱ्यांचा हेतू चांगलाच होता.

"तोवर ते बोअर पाडतील," हा म्हणाला, आणि त्याच दुपारी तिकडच्या पाणी खात्याला कळवून मोकळा झाला. माझ्याविरुद्धची तक्रार मागे घ्यायचं मात्र विसरला. आठवण केली तर म्हणे, "अरे हो, ते राहिलंच!"

पास वाढला नाही. महिनाअखेरीस तो सांगलीला गेला. पुढे त्याच विहिरींतून नव्याने भरून आणलेल्या बाटल्या मीच तपासल्या. ट्रिटियम शून्य. मी फोन केला. तेव्हाही त्याला नोकरी नव्हती.

"शून्य आलं," मी म्हटलं.

"बोअर थांबल्या ना पण?"

"थांबल्या."

"मग ठीक आहे," म्हणाला आणि माझ्या मोजणीत कुठे कुठे चुका असू शकतात ते अर्धा तास ऐकवत बसला. फोन ठेवला आणि मला रडू फुटलं. असल्या माणसासाठी!