ज्या पाण्यात मी उतरलो

"हात वर कर," साहेब म्हणाला.

मी हात वर केले. माळ्यानं रबरी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबलं आणि धार माझ्या काखेत मारली. मग छातीवर. मग तोंडावर. मी लंगोटीवर उभा होतो. भर दुपारी, लोखंडी फाटकासमोर, रस्त्याच्या कडेला. जाणारी-येणारी माणसं थांबून बघत होती.

"आता वळ."

वळलो. वॉचमननं लाल साबणाची वडी लांबून माझ्या पायाशी फेकली. हातात दिली नाही. औषधी वासाचा साबण, डोळे चुरचुरतात तो.

"बोटांच्या बेचक्यांत घास. कानामागं घास. नीट."

मी घासत होतो, साहेब बघत होता. आमच्याकडं म्हैस धुतात तेव्हा तिच्या पाठीवर हात तरी फिरवतात. माझा सदरा मी फाटकाच्या दांडीवर ठेवला होता. तो वॉचमननं काठीच्या टोकानं उचलला आणि मातीच्या ढिगावर टाकला. माझ्या लग्नातला सदरा. सकाळी बायकोनं ट्रंकेतून काढून दिला होता. म्हणाली होती, "मुंबईला चाललास, मानसासारखा जा."

मी चोर नव्हतो. भीक मागायला आलो नव्हतो. मला बोलावलं होतं.

आता कशाला बोलावलं होतं ते सांगतो.

मी वसईच्या पूर्वेचा. चांदीपच्या पुढं, खाडीकाठी आमचा पाडा. शिक्षण दुसरीपर्यंत, तेही अर्धं. ही ऐंशी सालाच्या पुढची गोष्ट. तेव्हा मी रेतीच्या होडीवर डुबी मारायचो. होडी खाडीच्या मधोमध उभी करायची, लांब बांबू तळात रोवायचा, एक दम घ्यायचा आणि बांबू धरून बादली घेऊन खाली जायचं. तळाला काळोख. चाचपत बादलीत रेती भरायची, दोराला हिसका दिला की वरचे गडी ओढतात. मग आपण वर. वर आलं की पहिला श्वास, आणि लगेच तोंडात पाणी घेऊन चूळ. दातांत रेती असते, ती थुंकायची आणि परत खाली. दिवसभर हेच. कानातून रक्त यायचं. रात्री जेवताना घास कचकचायचा. पण माझ्याएवढा दम आमच्या खाडीत कोणाचा नव्हता, हे मी आजही छातीवर हात मारून सांगेन.

ती रेती ट्रकनं मुंबईला जायची. फोर्टाच्या बाजूला जुन्या वखारी पाडून नव्या इमारती उठत होत्या. आधी तिथं म्हणे ऑफिसं सुटली की कुत्रंही फिरकायचं नाही. आता बाग केली, कारंजं केलं, बसायला बाकं, फरशीचे फूटपाथ, दिव्यांचे नक्षीचे खांब. लोक आता तिथं बायकापोरांसकट राहायला येणार होते. आमचा रेतीवाला शेठ त्या इमारतींना रेती द्यायचा. आणि पाणीही द्यायचा.

पाणी आमचं.

पाड्याला एकच बाव. वर करंजाचं झाड, मुळं पाण्यात उतरलेली, त्यामुळं चवीला पाणी अगदी किंचित कडसर. पण गोडं. चारी बाजूंनी खारं आणि मध्ये ही एक विहीर. एक दिवस शेठची माणसं आली, बावीच्या कठड्याशी इंजिन ठेवलं, पाइप आत सोडला, टँकर भरायला लागले. आम्हाला कोणी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण रेतीचं काम त्याच शेठकडं. उन्हाळा चढला तशी बाव तळाला गेली. टँकर गेला की बायका गाळ चाळून हंडे भरायच्या. ते मिळालं नाही तर ओहोळात खड्डा खणून झिरपेल ते आणायच्या. गुरं पितात तिथलंच.

त्यात माझी धाकटी आजारी पडली. दोन वर्षांची. ओकाऱ्या आणि ढाळ. विरारच्या डॉक्टरनं सांगितलं, स्वच्छ पाणी उकळून पाजा, दुसरं औषध नाही. बायकोनं विचारलं, "डाक्तरसाहेब, उकळायला पानी कुठून आनू?" डॉक्टरनं पुढच्या माणसाला आत बोलावलं.

आणि शेठचा मुकादम दारात आला. बाजूच्या गावचा, लांबून नात्यातला.

"दादा, मुंबईला चल. शेठ पानी देतो त्या इमारतीत जमिनीखाली पान्याची टाकी हाय. पंपाच्या पाइपाच्या तोंडात कायतरी अडकलंय. उद्या लोक राह्यला येनार, नळाला पानी नाय."

"मग टाकी उपसा नि काढा."

"काठोकाठ भरलीय रे. तेवढं पानी बादल्यांनी उपसून फेकायचं काय? साहेब म्हनतो, पानी वाया घालवायचं नाय, बुडी मारनारा मानूस आना. तुझ्याशिवाय हाय कोन?"

खरं सांगतो, मला बरं वाटलं. मुंबईला माझ्या दमाची गरज पडली. पण मी विचारलं, "मला काय?"

"काय पायजे?"

"बाव सोडा. पाऊस पडेस्तोवर टँकर नको."

मुकादमनं गळ्याला चिमटा घेतला. "आईची आन. तू डुबी मार, टँकर नाय येनार."

बायको आतून ऐकत होती. तिनं ट्रंक उघडली.

असा मी गेलो. आणि असा धुतला गेलो.

पण ते मी सोसलं. बाव डोळ्यासमोर होती. धाकटी होती. म्हटलं, साबण तर साबण.

टाकीचं झाकण बागेच्या कोपऱ्यात. आत उतरलो. गार पाणी. एवढं पाणी, तेही गोडं, मी एका जागी कधी बघितलं नव्हतं. दम घेतला, खाली गेलो. चाचपत पाइपाचं तोंड सापडलं. गोणपाट गुंडाळून आत शिरलं होतं आणि त्याच्यात लाकडाची ढपली आडवी बसली होती. पहिल्या डुबीत ढपली निघाली. दुसऱ्या डुबीत गोणपाट.

वर आलो. श्वास घेतला, आणि सवयीनं चूळ भरली.

थुंकणार होतो. पण तोंडात खारं नव्हतं, रेती नव्हती. जिभेला किंचित कडसर लागलं. करंज. मी थुंकलो नाही. गिळलं. आणि मला हसू आलं. पोर आपल्या गावचं माणूस परमुलखात बघून हसतं तसं. मोठ्यानं बोललो, "अरे मुकादम, हे तर आपल्या बावीचं पानी!"

चुकलो ते इथं. आनंदात बोललो.

झाकणाशी एक बाई वाकून बघत होती. पहिल्या मजल्यावर राहायला येणारी. ती मागं सरकली.

"त्यानं पाणी प्यायलं? आमच्या टाकीत उभं राहून?"

साहेब म्हणाला, "साबणानं धुतलंय त्याला. माझ्यासमोर."

"धुतलंय म्हणून काय झालं? कोण लोक हे?"

मुकादम म्हणाला, "रेतीवाले, बाई. पाड्यावरचे."

"माझी मुलं हे पाणी पिणार नाहीत."

साहेबानं तोंड वाकडं केलं. मग वॉचमनला म्हणाला, "पंप लाव. सगळं सोडून दे बाहेर."

मुकादम पुढं झाला. "साहेब, तुमीच म्हनाला होता, पानी वाया..."

"दुसरं आणा. तुमच्याकडं विहिरी कमी आहेत का?"

पंप सुरू झाला. मीच मोकळा केलेला पाइप. मी अडकलेलं काढलं नसतं तर त्यांना टाकी उपसता आली नसती. माझ्या हातानं मोकळं झालेल्या तोंडातून आमची बाव बाहेर पडायला लागली. फाटकाखालून वाहत गेली. नव्या फरशीवरून, नक्षीच्या खांबांच्या बुडाशी, बाकांखालून. एका पोरीनं चप्पल भिजू नये म्हणून उडी मारली. पुढं गटार. गटाराच्या पुढं दर्या.

मी लंगोटीवर उभा राहून बघत होतो. पळत जावं आणि गटाराच्या तोंडाशी आडवं पडावं असं वाटलं. ओंजळीत किती मावतं? माझ्या घरात पोरीच्या ओठांना पाण्याचं बोट लावत होते.

साहेब कोणाशी तरी बोलत होता. "आता कुठं हा भाग माणसांना राहण्यालायक झालाय. सुरुवातीलाच नाव खराब नको." आणि मुकादमकडं वळून म्हणाला, "टाकी रिकामी झाली की ह्यालाच आत उतरव. पावडर टाकून आतून घासून घे. जिथं जिथं हात लागला तिथं."

मुकादम माझ्याजवळ आला. हळूच बोलला. "दादा, घासून टाक. तास-दोन तासांचं काम. मग आपला शब्द पक्का. बाव तुझी."

मी विचारलं, "घासली. मग टाकी भरनार कशानं?"

मुकादम खराटा शोधायला लागला.

"बोल ना. कुठलं पानी भरनार?"

त्यानं साहेबाकडं बघितलं. माझ्याकडं नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. इतकी वर्षं मी पाण्याखाली डोळे मिटून काम केलं होतं, वरही मिटलेलेच होते. ह्यांना आमची रेती चालते. आमचं पाणी चालतं. रेतीला आमचा हात लागला तरी भिंत बाटत नाही. फक्त आम्ही दिसलो की सगळं बाटतं. आणि आम्ही न दिसावं म्हणून ते आम्हालाच घासायला लावतात.

"नाय घासनार," मी म्हणालो.

"डोकं फिरलं काय? उद्यापासून होडीवर पाय ठेवू देनार नाय शेठ."

"नको देऊ."

"अरे, पोरीचा तरी विचार कर!"

"तोच करतोय. शब्द देताना तुला ठाव होतं की नाय?"

साहेब ओरडला, "काय चाललंय? सांगा त्याला लवकर."

मी मुकादमला नाही, सरळ साहेबाला बोललो. आयुष्यात पहिल्यांदा. "साहेब, मी ज्यात उतरलो ते पानी तुमी ओतलं. आता मी उतरनार नाय. तुमी उतरा."

वॉचमननं थोबाडीत मारली. मी अजून ओला होतो, हात घसरला त्याचा. मी ढिगावरचा सदरा झटकला, अंगात घातला आणि निघालो. पाणी अजून वाहत होतं. मी त्यात पाय भिजवत गेलो.

घरी पोचलो तर पाड्यातल्या बायका बावीवर उभ्या. टँकर आला होता. रिकामी टाकी भरायला आमच्या बावीवर दोन फेऱ्या जास्त. इंजिन धडधडत होतं, पाइप तळाला घोगरत होता. बायको मला बघून काही विचारायची थांबली.

"धाकटी?"

"डोळं उघडत नाय."

मी चालत आलो तसाच बावीत उतरलो. पायऱ्या नव्हत्या, मुळं धरून उतरलो. पाणी जेमतेम कमरेपर्यंत. वर बघून ड्रायव्हरला ओरडलो, "मी हाय यात! जा, सांग तुझ्या शेठला! मी उतरलेलं पानी त्यांना चालत नाय!"

ड्रायव्हर हसला. "अरे चाचा, उधर कौन देखने आएगा? नहाओ मजे में."

बरोबर होतं त्याचं. तिथं कोण बघणार होतं? ते सगळे रोज आम्हालाच पीत होते, न बघता.

तेव्हा मी खाली बसलो. पाइपाचं तोंड दोन्ही हातांनी धरलं आणि छातीला लावलं. इंजिननं ओढ घेतली. कातडं आत ओढलं गेलं, वाटलं बरगडी उपटून नेणार. वर इंजिनचा आवाज बदलला. किंचाळायला लागलं. मी सोडलं नाही. दम माझा होता. इंजिन आचके देत बंद पडलं तेव्हा मी वर आलो.

काठावरून बायको ओरडत होती, "पानी गढूळ झालं रे!"

मी म्हणालो, "हाय म्हनून गढूळ हाय."

मग तिनं पदर खोचला आणि मुळं धरून खाली आली. तिच्यामागं तिची जाऊ. मग आणखी बायका. बावीत उभं राहायला जागा उरली नाही.

त्या दिवशी टँकर अर्धा गेला. दुसऱ्या दिवशी पोलिसांना घेऊन आला. मला बावीतून दोर बांधून काढलं. चौकीत मारलं. विचारायचे, कोणी शिकवलं? पुढारी कोण? मी सांगितलं, साबणानं शिकवलं. म्हणून आणखी मारलं.

धाकटी पाऊस बघायला राहिली नाही. मी चौकीत होतो. भावानं पुरली.

होडीवरचं काम गेलं ते गेलंच. मी विटा वाहिल्या, मीठ वाहिलं, दुसऱ्यांच्या वाड्यांत केळीचे घड तोडले. फोर्टातल्या त्या बागेत लोक संध्याकाळी फिरत असतील. फिरोत. मला तिथं बसायचं नाही. मला कोणाची माफी नको आणि माझी पोर कोणी परत आणून देणार नाही.

आता आमच्याच बाजूला इमारती आल्यात. परवा चांगल्या कपड्यांतली माणसं बावीवर आली, दोरी टाकून खोली मोजली. एक जण मला म्हणाला, "आजोबा, हा एरिया आता राहण्यालायक होणार."

मी म्हणालो, "आम्ही राहतोच आहोत."

तो हसला. मी हसलो नाही. कान गेलेत माझे, गुडघे गेलेत. दम अजून आहे. छातीवर पाइपाचा गोल डाग आहे, तो मी त्याला सदरा उघडून दाखवला आणि सांगितलं: पाइप घेऊन या, इंजिन घेऊन या, पोलीस आणा. ह्या बावीतून पाणी न्यायचं असेल तर आधी माझं मढं काढावं लागेल. मी स्वतःहून वर येणार नाही.