पवनचक्कीचं पातं
घरामागच्या लाकडी डेकला जवसाचं तेल लावायला घेतलं की ग्वेल्फ शहराजवळच्या गावातली ती जुनी पवनचक्की आठवते. सात-आठ वर्षांपूर्वी आम्ही पाच रिटायर्ड मराठी इंजिनिअर व्हॉलंटियर म्हणून तिची डागडुजी करत होतो. ती चालवता मात्र एकट्या म्हाताऱ्या डच चक्कीवाल्यांनाच यायची. वरचं पातं सरळ उभं व्हायच्या जरा आधी थांबवलं तर आनंद, जरा पुढे जाऊन थांबवलं तर दुखवटा, ही त्यांच्याकडची रीत. उद्घाटनाच्या आदल्या दिवशी त्यांनी ते हौसेने आनंदाच्या जागी थांबवलं, आणि पहाटे झोपेतच ते गेले. सकाळी त्यांच्या पत्नी आल्या. "थोडंसं पुढे सरकवाल?" एवढंच म्हणाल्या. हातभर अंतर होतं, पण वारा भन्नाट सुटला होता. "ब्रेक रिलीज केला तर परत थांबवणार कोण?" आमच्यातला एक मराठीत पुटपुटला. जन्मभर टर्बाइन डिझाइन केलेला मी, पात्याच्या लाकडाला लावायच्या जवसाच्या तेलाने माखलेले हात पुसत नुसता उभा राहिलो. बाई बराच वेळ वर बघत होत्या, मग गाडीत जाऊन बसल्या. पुढच्या उन्हाळ्यात मी ब्रेक हाताळायला शिकलो. आता पातं हवं तिथे थांबवता येतं. पण पुढे सरकवा म्हणून सांगायला त्या पुन्हा आल्या नाहीत.