खंडेनवमीला बंद केलेला कॉम्प्युटर

माझा पाय मोडला म्हणून लेक पुण्याहून विट्याला आली, ती कॉम्प्युटर घेऊनच. पीएचडीनंतर तिला दोन वर्षांची संशोधनाची नोकरी होती. धातूत दुसरा धातू मिसळला की अणू कसे बसतात, याचं गणित कॉम्प्युटर करायचा. एक गणित सलग आठ दिवस चालायचं. या वेळचं उत्तर मुदतीत गेलं तरच नोकरी वाढणार होती, नाहीतर घरचे तिचं लग्न उरकणार होते.

सातव्या दिवशी खंडेनवमी आली. आमचं घर सोनं गाळणाऱ्यांचं. त्या दिवशी भट्टी विझवून हत्यारं पुजायची, दसऱ्यापर्यंत हात लावायचा नाही. लेक अंघोळीला गेली तेव्हा मी लंगडत जाऊन बटण बंद केलं आणि कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं.

"आई, सात दिवसांचं गणित गेलं."

"मग परत लाव की. त्याला एक दिस इसावा नको व्हय?"

"मुदत परवा संपतीय."

मुदत वाढली नाही, नोकरीही नाही. पुढचे दोन महिने माझा पाय प्लास्टरमध्ये होता आणि ती माझ्या उशाशी. आठवड्याला एक पाहुणा तिला बघून जायचा. तिनं मला एकदाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.