मोठ्या गाडीतली मेथी

गाडी घ्यायची हे बायकोनं ठरवलं आणि कोणती घ्यायची हे मी ठरवलं. आमच्या घरात बहुतेक गोष्टी अशाच होतात. आज हे लिहितानाही कान गरम होतात.

वाशीमला लागून आमचा भाजीचा मळा आहे. जास्तीचा माल मी पहाटे बाजारात हर्रासाला, म्हणजे लिलावाला, नेतो. मेथी, पालक, कोथिंबिरीच्या जुड्या बायको तिच्या बॅटरीवरच्या स्कूटरनं शहरातल्या कॉलन्यांमध्ये दारोदार देते. तिची घरं ठरलेली आहेत. पाऊस आला की जुड्या भिजतात, आणि ओझं सावरून तिचं मनगट धरतं, म्हणून तिला गाडी हवी होती.

दोन गाड्या पाहिल्या. दोन्ही विजेवरच्या आणि जवळपास एकाच किमतीच्या. एक वाशीममधलीच, लहान, जेमतेम वापरलेली, बॅटरीची गॅरंटी शिल्लक असलेली. दुसरी अकोल्याच्या जुन्या गाड्यांच्या दुकानातली, परदेशी कंपनीची, लांबलचक, आत साईच्या रंगाच्या चामड्याच्या शीटा. तिच्या बॅटरीची गॅरंटी संपली होती. पण दार लावलं की असा काही दबका आवाज यायचा की मी ते उगाच चारदा लावून पाहिलं.

लहान गाडीजवळ बायकोनं विक्रेत्याला विचारलं, "मी चालवून पाहू काय?" त्यानं माझ्याकडे पाहिलं. ती माहेरी केनवडला भावाच्या पिकअपवर शिकली आहे, हे त्याला काय माहीत. रिसोड नाक्यापर्यंत नेऊन तिनं गाडी अलगद परत आणली, मागची शीट पाडली आणि विती टाकून मोजलं.

"भाजीचे चार कॅरेट बसतात. आन् हे मले गल्लीत फिरवता येते," ती म्हणाली. इतकी खुशीत मी तिला कितीतरी दिवसांत पाहिली नव्हती.

"तू काय जिंदगीभर मेथीच इकणार हायेस काय?" मी म्हणालो. त्या विक्रेत्यासमोर म्हणालो.

खरं कारण मेथी नव्हतं, साडू होता. त्याच्याकडे पांढरी, उंच डिझेलची गाडी आहे. कुठलंही लग्न असो, तो थेट मांडवाच्या तोंडाशी ती लावतो आणि लोक खुर्च्या सरकवून वाट देतात. मी मोटरसायकल दूर कुंपणाला टेकवून चालत जातो. पुढच्या महिन्यात त्याच्या पोरीचं साक्षगंध मानोऱ्याला होतं. मला तिथं एकदा मोठ्या गाडीतून उतरायचं होतं. बस, एवढंच.

"तुमाले पटते तं घ्या," बायको म्हणाली. गाडी आली तेव्हा तिनंच ओवाळलं, चाकाखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला. मग एकदा चालकाच्या जागी बसून पाहिलं. "हे माह्यानं गल्लीत वळत नाही," म्हणून खाली उतरली, ती पुन्हा तिथं बसली नाही. आणि त्या शीटांवर कॅरेट ठेवायला मीच मनाई केली होती. शेजारचे काका म्हणाले, नाकापेक्षा मोती जड झाला. मी हसून टाळलं, पण मनातून चिडलो.

आमच्या घराला जाड वायरचा सॉकेट एकच आहे, स्कूटरसाठी बसवलेला. आमच्याकडे व्होल्टेजची बोंब, त्यामुळे त्यावर एका वेळी एकच गाडी लागते. मोठी गाडी रात्रभर पिते तरी तिचं पोट भरत नाही. साक्षगंधाच्या आदल्या रात्री जेवण झाल्यावर मी स्कूटरचा प्लग काढला आणि गाडीचा लावला. बायकोला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती काही बोलली नसती, आणि तेच मला नको होतं.

सकाळी जुड्या बांधून ती अंगणात आली. स्कूटर हलेना. तिनं वायर कुठं जाते ते पाहिलं.

"काहून काढला?"

"मानोऱ्याले जाचं हाये ना आज."

"मले सांगतलं असतं तं जुड्या बांधल्या नसत्या."

माझी मान वर होईना. "चाल, मी सोडतो," म्हणालो. तिनं घरातली चादर आणून मागच्या शीटवर अंथरली, जुड्या रचल्या आणि त्या घसरू नयेत म्हणून मागंच बसली. आरशात मला फक्त मेथी दिसत होती.

कॉलनीच्या गल्लीत गाडी शिरेना, म्हणून कोपऱ्यावर लावली. ती दारोदार जायची आणि मी जुड्या घेऊन तिच्या मागं. एका फाटकाशी निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. त्यांनी आधी गाडी पाहिली, मग मला.

"कुणाची गं ही एवढी मोठी गाडी?"

मी सदऱ्याची कॉलर नीट केली. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच तर ती घेतली होती. मी तोंड उघडणार, तेवढ्यात बायको म्हणाली, "गाववाले हायेत. स्कूटर बंद पडली, तं वाटेत बसवून घेतलं त्यायनं."

ती असं का म्हणाली ते मला तिथंच कळलं. अशी गाडी दारात असलेल्या बाईकडून मेथी कोण घेईल, आणि घेतली तरी तिच्याबद्दल काय म्हणेल? तिची घरं तिला सांभाळायची होती. त्यासाठी तिनं मला गाववाला केलं, आणि तिचं चुकलं असं मला म्हणता येईना.

बाईंनी माझ्यासाठी पाणी आणलं. "भले माणूस दिसता," त्या म्हणाल्या. "फार कष्टाची बाई आहे हो. पावसापाण्यात एकटीच फिरते. हिचा नवरा काय करतो, कुणास ठाऊक. तुम्हाला माहीत असेल, गावचेच ना तुम्ही?"

बायको जुडीची माती झटकत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"नाही जी," मी म्हणालो, "मी नाही वळखत त्याले."