टॅपेट कव्हर मीच आवळलं होतं

माझ्या मेव्हण्याने बसवलेलं पॅकिंग गळलं, असं पळसदरीत अजूनही बोललं जातं. ते खोटं आहे. पसरवलं मीच, आणि आता परत घ्यायला निघालो तर कोणी ऐकून घेत नाही. म्हणून सगळं लिहून ठेवतो.

मेव्हणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. चौकला जुन्या हायवेवर एक ढाबा आणि एक टायरवाला यांच्यामध्ये त्याचं गॅरेज आहे. मी स्वतः खोपोलीच्या एका कारखान्यात वाफेच्या पाइपांवर फिटर होतो. निवृत्तीनंतर पळसदरीला घर बांधलं आणि एक जुनी पांढरी गाडी घेतली. तिच्यावर माझा जीव आहे. बायको म्हणते, तेवढा माणसांवर असता तर बरं झालं असतं.

गेल्या हिवाळ्यात आम्ही घाट चढत होतो, तेव्हा जळका वास यायला लागला.

"कुणीतरी भजी तळतंय," बायको म्हणाली.

"घाटात कोण भजी तळणार?"

"तुमची गाडी."

बॉनेट उघडलं तर तिचंच खरं. इंजिनाच्या डोक्यावर पत्र्याचं एक झाकण असतं, त्याला गॅरेजवाले टॅपेट कव्हर म्हणतात. त्याच्या कडेने तेल ओघळून खालच्या तापलेल्या पाइपवर पडत होतं. झाकणाखालचं रबरी पॅकिंग जुनं होऊन कडक झालं होतं. तिथूनच मागे वळलो आणि सावकाश चौक गाठलं.

मेव्हण्याने झाकण काढलं, दोन्ही कडा पुसून कोरड्या केल्या, नवं पॅकिंग खाचेत बसवलं आणि एक आखूड पाना दोन बोटांत धरून बोल्ट आवळले. आधी मधले, मग टोकाचे. वाफेच्या जोडावर असं दोन बोटांनी काम करणाऱ्याला आमच्या फोरमनने घरी पाठवलं असतं.

"अरे, जोर लाव की जरा. जेवला नाहीस का?"

"दाजी, ही वाफ नाय. पातळ पत्रा हाय, आन् खाली रबर. जास्त आवळलं की रबर बाहेर पळतं. तुमी घरी जाऊन हात लावू नका हां."

"मी कशाला लावतोय?"

लावला. दुसऱ्याच दिवशी दुपारी, बायको आडवी झाल्यावर. माझं सगळं आयुष्य फुसफुसणाऱ्या जोडांत गेलं. जाड लोखंडाच्या दोन चकत्या आणि मध्ये पॅकिंग. वाफ गप्प होईपर्यंत आवळत राहायचं, एवढंच आमचं शास्त्र. दोन बोटांनी आवळलेला बोल्ट माझ्या अंगणात उभा आहे, या विचाराने मला जेवण गेलं नव्हतं. कारखान्यातला लांब पाना काढला आणि प्रत्येक बोल्टला आणखी एक फेरा दिला. करकर आवाज आला. फार बरं वाटलं.

आठवडा गेला नसेल, गाडीखालच्या फरशीवर काळे ठिपके दिसायला लागले. मी आणखी आवळलं. ठिपक्यांचं थारोळं झालं. इथे शहाण्या माणसाने पाना खाली ठेवून विचार केला असता. मी चहाला गेलो.

स्टेशनजवळच्या टपरीवर आमचा रोजचा घोळका असतो. निवृत्त मंडळी, रिक्षावाले, एक-दोन टेंपोवाले. माझा तेलकट हात बघून कुणीतरी म्हणालं, "काय दाजी, शालकानं काम केलं ना परवा?" बायको याच गावची, त्यामुळे मी सगळ्या गावाचा दाजी. तेव्हा माझ्या तोंडून जे वाक्य गेलं ते जसंच्या तसं लिहितो. मी म्हणालो, "घरचं काम म्हणून केली असेल टंगळमंगळ."

एवढंच. पण टपरीवर वाक्याला पाय फुटतात. पंधरवड्यात रिक्षावाले दुरुस्तीला चौकला जायचे ते खोपोलीला जायला लागले.

मेव्हण्याच्या कानावर गेलं तसा तो रविवारी घरी आला. हत्यारांची पिशवी घेऊन. "दाजी, उघडून बघतो. काय चुकलं ते कळंल तरी."

मी बॉनेटसमोर उभा राहिलो. पहिल्याच बोल्टला पाना लावल्यावर त्याला कळलं असतं. "राहू दे. मी बघतो."

"माझ्यावर भरवसा नाय?"

मी बॉनेटवर हात ठेवून तसाच उभा राहिलो. तो पिशवी उचलून निघून गेला. बायको चहाचे कप घेऊन बाहेर आली तेव्हा रस्त्यावर त्याच्या मोटारसायकलची धूळ होती. तिने दोन्ही कप परत आत नेले. माझाही.

दुसऱ्या दिवशी मी झाकण उघडलं. जिथे जिथे बोल्ट, तिथे तिथे पत्रा खाली दबलेला आणि दोन बोल्टांच्या मध्ये वर उचललेला. वरून पाहिलं तर बिस्किटाच्या कडेसारखं. पॅकिंग एका बाजूला चेपून बाहेर आलेलं, एका ठिकाणी फाटलेलं. मेव्हण्याने सांगितलं होतं तसंच, शब्दाला शब्द.

मग मात्र मी नीट काम केलं. झाकणाची कड स्वयंपाकघरातल्या पाट्यावर टेकवली आणि लाकडी हातोडीने मागून हलके ठोके देत दबलेला पत्रा सरळ केला. बायकोने पाट्याबद्दल विचारलं तेव्हा "धुऊन ठेवतो" म्हणालो. खाचेतलं तेल आणि जुन्या रबराचे कण कपड्याने पुसून काढले. नवं पॅकिंग बसवलं, कुठे पीळ नाही ना हे बोट फिरवून पाहिलं. मग आधी मधले बोल्ट, मग टोकाचे, दोन बोटांनी. तिथे थांबणं हे माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड फिटिंग. इंजिन चालू करून वाट पाहिली. थेंब नाही.

टपरीवर जयजयकार झाला. "शालकाला जमलं नाय ते दाजींनी केलं!" मी बिस्किट चहात बुडवून खाल्लं.

त्यानंतर बायकोने वालाच्या बिरड्याचा डबा देऊन मला चौकला पाठवलं. मुद्दाम मलाच. मेव्हणा एका टेंपोचं टॅपेट कव्हर बसवत होता. नव्या कोऱ्या पॅकिंगला दोन्ही बाजूंनी चिकट पेस्टचा जाड थर लावत होता, पोळीला तूप लावावं तसा.

"हे कशाला रे?"

"तुमच्या गाडीपासून लावतोच, दाजी. आन् गिऱ्हाइकाला आठ दिवसांनी परत बोलावतो, गळतंय का बघायला." तो मान वर न करता म्हणाला. "कधीच नाय चुकलं असं. हात गेला असंल माझा."

डबा माझ्या हातातच राहिला. रिक्षावाले आज ना उद्या परत आले असते. पण याने आपल्या बोटांवरचा विश्वास टाकून दिला होता, आणि तोही माझ्या शब्दावर. मी तिथेच, टायरवाल्यादेखत, सगळं सांगितलं. लांब पाना, दोनदा आवळणं, बॉनेटसमोर उभं राहणं.

तो बराच वेळ पेस्टच्या ट्यूबचं टोपण लावत बसला. मग त्याने हातातलं तेलकट फडकं माझ्या स्वच्छ सदऱ्यावर फेकलं.

"ताईला सांगितलंत?"

"नाही."

"बसा गाडीत."

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. आत जाऊन चहा केला, भावाला दिला, स्वतः घेतला. मला नाही. "पाटा पण त्यासाठीच ना?" एवढंच विचारलं.

"दाजी, नुसतं आमाला सांगून काय?" मेव्हणा म्हणाला. "गावभर बोललात ना?"

म्हणून टपरीवर जाऊन कबूल केलं. आणि काय व्हावं? एकालाही पटलं नाही. "शालकासाठी दोष अंगावर घेतला, दाजींचं मन मोठं!" मी जितकं पटवायला जावं तितका मोठा होत गेलो. मेव्हणा शेजारी उभा राहून दात काढत होता.

शेवटी त्यानेच तोड काढली. गाडी टपरीसमोर उभी केली, सगळ्यांसमोर झाकण काढून माझं पॅकिंग फेकलं आणि नवं बसवलं. पेस्टची ट्यूब पिशवीतून बाहेर काढली, क्षणभर पाहिली आणि परत ठेवली. आखूड पाना, दोन बोटं. मला लांब बाकावर बसवलं होतं. मग गाडीखाली एक पांढरा पुठ्ठा सरकवला. "आठवडाभर राहू दे इथंच. रोज घाटाच्या पायथ्यापर्यंत फिरवा आन् परत पुठ्ठ्यावर लावा. दाजींना हत्यार देऊ नका."

हत्यारं बायकोने कुलपात घातली. मी रोज गाडी फिरवून आणतो. चहा घेता घेता कुणी ना कुणी वाकून पुठ्ठा बघतं. आज सकाळी एका रिक्षावाल्याने तो बाहेर ओढून उन्हात उलटासुलटा केला, बोट फिरवून पाहिलं, परत सरकवला आणि रिक्षा वळवली. चौकच्या दिशेला.