काकूने विहीर सोडली नाही

दिंद्रुडहून काकांचा फोन आला तेव्हा मी पाटोद्यात, कॉलेजात होतो. "तुजी काकू गेली रे..." एवढंच बोलले. झोपेतच गेली. महिना होत आला, पण शकुंतलाकाकू अशी न भांडता गेली, हे अजून पटत नाही.

काका-काकूंचं किराणा दुकान, आणि एकुलती एक लेक पल्लवी. काही वर्षांपूर्वी, दहावीच्या सुट्टीत, शेतातल्या विहिरीवर पाणी शेंदताना तिचा पाय घसरला. त्याच विहिरीत आम्ही पोरं पोहायला शिकलो होतो. पोरींनी काठावर बसून बघायचं, असा रिवाज. दुखवट्याला आलेले स्वामी म्हणाले, "शिवाची इच्छा, माय." काकू ताडकन उठली. "त्याची आसंल. माजी नव्हती."

पुढे कित्येक महिने ती भेटेल त्याला एकच विचारायची, "कावून? माजीच लेक कावून?" मी तत्त्वज्ञान शिकवतो, म्हणून मलाही विचारलं. खोटा धीर देणं जिवावर आलं. म्हणालो, "काकू, कारण न्हाई. जग कुणाला उत्तर देत नसतं." तिने पदर खोचला. म्हणाली, "बरं झालं. मंजी कुनाची परवानगी बी लागत न्हाई. मला पव्हायला शिकीव."

पन्नाशीची बाई कमरेला तेलाचा रिकामा डबा बांधून, लेक बुडाली त्याच विहिरीत उतरली. पायरीवरून माघारी फिरली नाही. काका कळवळून म्हणाले, "लोक हसतेत गं." "हसू द्या. माजं रडून झालंय." दिवाळीनंतर सुरू केलं, दर रविवारी मी शिकवायला जायचो; शिमग्याला डबा सुटला. मग तिने गावातल्या पोरी गोळा केल्या. आया भांडायला आल्या, "पोरींनी हिरीत उड्या मारायच्या का?" काकू पाण्यातूनच ओरडली, "मग काठावर बसून मरायचं का?" भांडायला आलेल्यांतल्याच दोघींनी पुढच्या आठवड्यात आपापल्या पोरी धाडल्या.

एकदा मी विचारलं, यानं मन शांत होतं का? "न्हाई. पल्लवी येत न्हाई, मला म्हाईत हाय. तरी बी जाते." त्या 'तरी बी'ला माझ्याकडे अजून दुसरा शब्द नाही.

गेल्या रविवारी दिंद्रुडला गेलो. विहिरीवर आता मोठ्या पोरी लहानग्यांना शिकवतात. दुकानात गिऱ्हाईक ताटकळत होतं, काका गल्ल्यावर नव्हते. मागच्या अंगणात, तारेवर टाकलेले पोरींचे पोहायचे ओले ड्रेस ते एकेक करून उन्हाकडे उलटवत होते.

"वाळले पायजेत," माझ्याकडे न बघता म्हणाले, "उद्या परत येत्यात त्या."