आधी माझं पान दाखवा

दोन हजार तेवीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. तोवरचा सगळा जन्म बांद्याकडे जांभ्या चिऱ्याची खाण चालवण्यात गेला, आणि त्यात गिऱ्हाइकांचे सगळे नमुने माझ्या डोळ्यांखालून गेले. पण माझ्या व्याह्यांसारखे गिऱ्हाईक दुसरे झाले नाही आणि होणार नाही. जन्माला येण्याआधी त्यांनी ब्रह्मदेवाकडे तीन कोटेशने मागितली असणार आणि चौथ्या महिन्यात एक स्मरणपत्रही धाडले असणार. व्याही म्हणजे माझ्या थोरल्या मुलीचे सासरे. मालवणच्या बाजूला एका कॉलेजात ग्रंथपाल. आयुष्यभर पुस्तके विकत घेणे हा त्यांचा धंदा, आणि पुस्तके विकणाऱ्यांना घाम फोडणे हा त्यांचा स्वभाव. माझे शिक्षण चौथी, तीही मास्तरांशी भांडून अर्ध्यावर सोडलेली. मास्तर चुकले होते, हे मी आजही म्हणतो. तेव्हा पुस्तकातले मला फारसे कळत नाही. पण चिरा आणि माणूस मी वाजवून ओळखतो, आणि हा माणूस कुठेही वाजवा, भरीवच वाजायचा.

तीन कोटेशनांशिवाय हा गृहस्थ शेंगदाणे घ्यायचा नाही. आमच्या मुलांचे लग्न ठरले तेव्हा मंडपवाल्याकडून तीन, बँडवाल्याकडून तीन, इथवर मी समजू शकतो. पण त्यांनी भटजींकडेही दर लेखी मागितले आणि मंत्र कमी केल्यास किती सूट, असे विचारले. भटजी माझ्याकडे तक्रार घेऊन आले. मी म्हटले, भटजीबुवा, तुमचा मान आहे, नाहीतर त्यांनी मंत्रांचा नमुना मागितला असता. मासळीबाजारातही तीच तऱ्हा. एकदा मी बरोबर होतो. पहिल्या कोळणीला भाव विचारला, दुसरीला विचारला, तिसरीला विचारून पुन्हा पहिलीकडे आलो, तर ती कमरेवर हात ठेवून उभीच होती. म्हणाली, "ओ सायबानू, माझी सुरमय टेंडर भरूक ऱ्हवाची नाय! तीन ठिकाणी विचारून येशात, तोवर ती दुसऱ्याच्या कालवणात पोचतली."

व्याही शांतपणे म्हणाले, "ता ऱ्हवांदे गो. कल्ले उघडून दाखय."

"दाखयतंय. पण तिच्यार शिक्को मारू नकात!"

सगळा बाजार हसला. शिक्क्याची गोष्ट गावभर झाली होती ती अशी. पुस्तक विकणारे लोक दिवाळीला ग्रंथपालांना काही ना काही आणून देतात. डायरी, पेन, मिठाई, कोणी भिंतीवरचे घड्याळ. आमचे व्याही परत करायचे नाहीत, आणि घरीही न्यायचे नाहीत. टेबलावरचा कॉलेजचा गोल शिक्का उचलून ते त्या वस्तूवर ठापकन मारायचे आणि म्हणायचे, "ग्रंथालयास भेट मिळाली, आभारी आहोत." मिठाईच्या पुडक्यावर शिक्का मारून पुडके वाचनखोलीत फिरायचे. घड्याळावर तर काचेच्या आत, बरोब्बर बारा आणि एकच्या मधे, शिक्का बसलेला मी स्वतः पाहिला आहे. पुढे पुढे हाताला ती खोडच लागली. घरच्या छत्रीवर शिक्का, चष्म्याच्या डबीवर शिक्का, आणि एका गणेश चतुर्थीला आमच्या दोघांच्या नातीच्या तळहातावर शिक्का! पोरीने हट्ट धरला म्हणे. मी तिथल्या तिथे सुनावले, "व्याहीनू, नात अर्धी माझी आसा. कॉलेजाच्या नावार करू नकात." तर म्हणाले, "घाबरू नकात. सात दिवसांनी परत करतलंय."

पण त्यांचा खरा जीव होता तो एका पानावर. हे मला त्यांनीच समजावले. ग्रंथालयाच्या प्रत्येक पुस्तकात पहिल्या पानावर शिक्का असतो, शेवटच्या पानावर असतो, आणि मधल्या कुठल्यातरी एका ठरलेल्या पानावर असतो. तो आकडा सगळ्या पुस्तकांना एकच. चोराने पुढची-मागची पाने फाडली तरी ते पान साक्ष देते. त्याला गुप्त पान म्हणतात. बाकीच्या ग्रंथालयांत ते पान शिपायापासून सगळ्यांना ठाऊक असते. आमच्या व्याह्यांनी ते बायकोलाही सांगितले नव्हते. शिक्का मारताना दाराकडे पाठ करून बसायचे. मी गोड बोलून पाहिले, डिवचून पाहिले, एकदा फेणी पाजूनही पाहिली. फेणी संपली, आकडा आला नाही. म्हणाले, "ता पान एक माका म्हायत आणि एक देवाक. आणि देवाक पण मी सांगूक नाय. त्याणा आपणच शोधून काढला."

आणि त्या पानावर शिक्का बसल्याशिवाय ते पुस्तक पोचल्याची सही करायचे नाहीत. पुस्तके किती का असेनात आणि विकणारा किती का घाईत असेना. "सही केल्यावर पुस्तक त्यांचं राहत नाही, आणि मग फोनही ते उचलत नाहीत," असे त्यांचे शास्त्र. ऑफिसात ते असे शुद्ध बोलायचे. तिथे मालवणी तोंडातून निघाली की समजावे, साहेब तापले.

तर दोन हजार तेवीसचा एकतीस मार्च. व्याह्यांच्या नोकरीचा शेवटचा दिवस. चार वाजता निरोपाचा समारंभ होता, म्हणून मी धुतलेला सदरा घालून सकाळीच कॉलेजात जाऊन बसलो. समारंभाला सहा तास आधी का आलात, असे कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तरी मी सांगितले नसते. कॉलेजात मच्छीमारीचा नवा अभ्यास सुरू झाला होता. बंदरावरची, होड्यांवरची मुले शिकायला आली होती. परीक्षा तोंडावर, आणि त्यांच्या मुख्य पुस्तकाची एकही प्रत ग्रंथालयात नव्हती. विकत घ्यायची त्यांची ऐपत नव्हती. सरकारी अनुदान आले होते, पण ते त्याच संध्याकाळी ऑफिस बंद होईपर्यंत खर्ची पडले नाही तर परत जाणार होते. आणि पुस्तकांची खोकी नेमकी त्या सकाळी कोल्हापूरहून येऊन पडली. बरोबर विक्रेत्याचा एजंट, दाढी गुळगुळीत, हातात दोन मोबाइल.

एजंट म्हणाला, "सर, मार्च एंड आहे. आधी सही करा, शिक्के मागाहून मारा. तुमच्यावर विश्वास आहे आमचा."

"माझा नाही ना तुमच्यावर," व्याही म्हणाले आणि खोके उलटे करून तळाकडून फोडले. वरचा माल दाखवण्याचा असतो आणि तळचा खपवण्याचा, हे चिऱ्याच्या ट्रकालाही लागू आहे. मीही उठून दुसऱ्या खोक्यावर बोट वाजवले आणि म्हटले, हे पोकळ वाजते. कोणी लक्ष दिले नाही. पण मी म्हटले होते, हे इथे लिहून ठेवतो.

व्याह्यांनी दाराकडे पाठ केली. पहिल्या पानावर ठाप. शेवटच्या पानावर ठाप. मग मधे बोट घातले, आणि तिसरा ठाप येईना. पाने पुढे गेली, मागे आली. दुसरे पुस्तक उघडले. तिसरे उघडले. मग खुर्ची फिरवून त्यांनी असा आवाज काढला की वाचनखोलीतली पोरे उभी राहिली.

"माझा पान खंय आसा?"

"कोणतं पान सर?" एजंट म्हणाला.

पोरे टेबलाभोवती सरकली. प्रिन्सिपॉलसाहेब आवाज ऐकून दारात आले होते, तेही मान पुढे काढून उभे. इतक्या वर्षांचा आकडा आता फुटणार! मीही दोन पावले पुढे सरकलो.

"ता तुमका कित्याक होया? चौसष्टाच्या मागसून एकदम एक्याऐंशी! मधली सोळाच्या सोळा पानां खंय गेली ती सांगा!"

छापखान्यात सोळा पानांचा एक गठ्ठा शिवायचा राहिला होता, आणि तोही एखाद्या प्रतीत नव्हे, प्रत्येक प्रतीत. मच्छीमारीच्या त्या पुस्तकात होडी होती, मासे होते, बाजार होता. जाळ्याचा धडा त्या सोळा पानांत होता, नेमका तोच नव्हता. हा फसलेला माल मार्चच्या घाईत कोणीतरी आमच्या समुद्रावर सोडला होता.

प्रिन्सिपॉलसाहेबांनी व्याह्यांना बाजूला घेतले. माणूस वाईट नव्हता, भ्याला होता. म्हणाले, "आज तुमचा शेवटचा दिवस. गोड करून घ्या. सही करा, ते बदलून देतील. अनुदान परत गेलं तर ठपका तुमच्यावर येईल आणि पेन्शनचे कागद अडकतील."

"अडकू देत," व्याही म्हणाले. "पोरं परीक्षेला बसतील तेव्हा मी इथे नसेन साहेब. पुस्तक असायला हवं." मग एजंटाकडे वळून पुन्हा शुद्ध भाषेत, म्हणजे जास्त भीतीदायक, "तुमच्या गोदामात धड प्रती आहेत?"

"आहेत... पण त्या दुसऱ्या कॉलेजच्या..."

"त्या कॉलेजचा ग्रंथपालही खोकं तळाकडून फोडतो वाटतं! गाडी काढायला सांगा. घाट उतरून यायला चार तास. मी इथेच बसलोय. मला आज दुसरीकडे कुठे जायचं नाही."

एजंटाने दोन्ही मोबाइल एकदम कानाला लावले.

चार वाजले, गाडी नाही. समारंभाला पाहुणे जमले, व्याही जागचे हलेनात. शेवटी समारंभच वाचनखोलीत आला. प्रिन्सिपॉलसाहेबांनी शाल पांघरली, तेव्हा व्याह्यांचे डोळे खिडकीबाहेर फाटकावर. हातात नारळ दिला, तर दुसऱ्या हातात शिक्का होताच. सवयीने हात वर गेला, विहीणबाई ओरडल्या म्हणून नारळ वाचला. भाषणात कोणीतरी "शांत, मितभाषी" म्हणत होता आणि तेवढ्यात फाटकात गाडी वाजली. भाषण तिथेच राहिले. पोरे धावली आणि किनाऱ्यावर रापणीचे जाळे ओढावे तशी रांग धरून त्यांनी खोकी हातोहात आत घेतली. व्याही शालीसकट बसले. शाल घसरत होती, विहीणबाई पुन्हा पुन्हा सारखी करत होत्या. ठाप, ठाप, ठाप. दर तिसऱ्या ठापाला पोरे ओरडायची. एकाही प्रतीत पान चुकले नव्हते. ऑफिसातला कारकून कुलूप हातात घेऊन उभा होता, त्याच्या नाकासमोर व्याह्यांनी सही ठोकली, आणि घाम पुसत बसलेल्या एजंटाला स्वतःच्या हाताने सरबत दिले. तो पाया पडला. मी ढोल पाहिजे होता असे म्हटले, पण ढोलाची कोटेशने कोणी मागवली नव्हती.

मग चार्ज द्यायची वेळ आली. चार्ज घेणाऱ्या बाई तरुण, भेदरलेल्या. किल्ल्या दिल्या, शिक्का दिला. मग त्यांना कपाटाच्या आड बोलावले आणि कानाजवळ जाऊन काहीतरी सांगितले. मी मुद्दाम शेजारी उभा होतो, पण नेमका सुरुंगांनी बहिरा झालेला कान त्या बाजूला आला. बाईंनी मान हलवली. व्याह्यांनी रिकामे हात सदऱ्याला पुसले आणि शाल खांद्यावर टाकून बाहेर आले.

रात्री लेकीकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप घेऊन पडवीत आलो, तर व्याही इस्त्रीचा सदरा घालून पायरीवर बसलेले. एका पायात चप्पल, दुसरी हातात. कॉलेजला निघायची त्यांची वेळ झाली होती. मी विचारले, "खंय?"

"खंय नाय," ते म्हणाले. चप्पल तशीच हातात.

मी कप पायरीवर ठेवला, माझ्या वहाणा घातल्या आणि म्हटले, "उठा. माका बंदरार जावचा आसा, सोबत होई." फाटकाबाहेर ते सवयीने उजवीकडे, कॉलेजच्या वाटेला, वळले. मी त्यांच्या दंडाला धरले आणि डावीकडची, माडांतून वळसा घालून जाणारी वाट धरली.

"हयसून लांब पडता, व्याहीनू."

"पडांदे," मी म्हटले, आणि दंड सोडला नाही.